साड्यांच्या बदल्यात

"फुकट? साड्या फाटक्या आहेत का?" बोहारणीने माझी एकेक साडी उजेडात धरून पाहिली.

"धडधाकट आहेत. पण मला भांडं नको. माळा भांड्यांनीच भरलाय. सगळं काढून टाकतेय, ही खोली मला चित्रं काढायला हवीय."

"बोहारीण आहे मी ताई, भिकारीण नाही." तिने पातेलं पुढे सरकवलं, मी मागे सरकवलं. तिने मोठा डबा पुढे केला, मी तोही परत केला. शेवटी वैतागून म्हणाले, "मग असं करा, अर्धा तास समोर बसा. मी तुमचं चित्र काढते. फिटल्या साड्या!"

"नुसतं बसायचं?" ती हसली, पण बसली. कपाट हलवल्यावर मोकळ्या झालेल्या लादीवर, पदर सारखा करून, टोपलीला टेकून. तीस वर्षांनी मी चित्रासाठी पेन्सिल धरली होती. नाक दोनदा खोडावं लागलं. डोळे मात्र पहिल्या झटक्यात जमले.

चित्र तिने बराच वेळ निरखलं. "हे मी नेते," म्हणाली आणि अलगद गुंडाळून टोपलीत उभं ठेवलं. मी "न्या की" म्हणेपर्यंत मघाचा डबा पुन्हा माझ्यासमोर!

"अहो, साड्यांच्या बदल्यात काही नको म्हटलं ना!"

"साड्यांचं फिटलं की मघाशीच," ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली. "हा चित्राचा."

या वेळी मी डबा मागे सरकवला नाही.