निर्व्यसनी जावई

वरदाच्या सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर, २००६ साली, एक पुस्तिका छापली. तिच्या नवऱ्याच्या, सायमनच्या आजोळी अठराव्या शतकात टोबायस नावाचा कवी होऊन गेला होता; आज कुणाला ठाऊकही नसलेला. त्याची ही हकिकत. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या घरी रविवारच्या जेवणात त्यांनी ती मोठ्या कौतुकानं सुनेच्या हातात ठेवली.

वरदा मेंदूविकारांची डॉक्टर. चार पानं तिनं हसत वाचली, पाचव्यावर थांबली. चाळिशीत टोबायसचे हात आपोआप नाचायला लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, शेवटी भ्रम झाला. त्याच्या बापाचंही तसंच झालं होतं. बहिणीचंही.

"सगळे पक्के दारुडे!" सासरे म्हणाले. "म्हणून तर त्या घराण्यात पुढे कुणी थेंबाला शिवलं नाही. सायमनच्या आईनं त्यालाही तशीच शपथ घातली होती."

"आई जिन्यावरून पडून गेल्या, तेव्हा त्यांचं वय काय होतं?" वरदानं विचारलं. दारूशी संबंध नसलेला, आईबापाकडून मुलांत उतरणारा असा मेंदूचा एक आजार तिला ठाऊक होता.

"एकेचाळीस. पाय घसरला, दुसरं काय!"

लग्न ठरलं तेव्हा पुण्याहून वरदाच्या आईनं एकच चौकशी केली होती, आणि जावई निर्व्यसनी निघाला म्हणून सोसायटीभर पेढे वाटले होते.

समोर सायमनच्या हातातला ग्लास हिंदकळून टेबलक्लॉथ भिजला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. वरदाचा हात आपसूक पाच महिन्यांच्या पोटावर गेला.

"अशी काय बघतेस?" सायमन हसला. "पाणीच होतं त्यात."