पाटीचं लाकूड

"पत्र्याची पाटी एका पावसात गंजते," हिरामण सुताराने तिसऱ्यांदा सांगितलं. "ह्यो खोपोलीचा पाऊस हाय शेठ, पनवेलचा नव्हं."

गोमाशेठ एका सांगण्यात ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याला 'शेठ' म्हणायला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि ती त्याने स्वतःच केली होती. घाटाच्या पायथ्याशी त्याचं चहाचं दुकान उभं राहत होतं. चढणीआधी मोटारी तिथे पाणी घ्यायला थांबत. दुकानाचं नाव वळणावरूनच वाचता आलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. भिंतीवर रंगवावं तर आषाढात धुऊन जाणार. कापडी फलक वारा नेणार. नवं सागवान घ्यावं तर ते पावसात फुगणार, उन्हात तडकणार आणि नाव मधोमध चिरणार.

"मंग लिहू कुठं? आभाळावर?"

"जुनं लाकूड पायजे. लई पावसाळं खाल्लेलं. त्ये आता हलत नाय."

हे बोलणं सदू बाजूला उभा राहून ऐकत होता. तो घाटरस्त्यावर खडी फोडायचा आणि बायकोबरोबर सुताराच्या अंगणामागे गवताच्या झापात राहायचा. त्याचं गाव वर, घाटमाथ्यावर होतं. आता तिथे धरणाचं पाणी होतं.

"आमच्याकडं हाय लाकूड," तो म्हणाला.

झापामागे जांभळीला टेकून कवाडाच्या दोन फळ्या उभ्या होत्या. पाणी चढायच्या आधी सदूने आणि सुंदराने त्या घरातून उखडल्या होत्या आणि एकेक डोक्यावर घेऊन घाट उतरला होता. झापाला कवाड बसवणार कुठे? त्याला धड भिंतच नव्हती. तरी सणावाराला सुंदरा त्या फळ्यांना तेल लावी, हळदकुंकू वाही. येणारेजाणारे हसत. हसोत बापडे.

हिरामणने फळीवर बोटं वाजवली. खणखणीत आवाज आला. उलटून पाहिली तर मागची बाजू काळीकुट्ट.

"चुलीचा धूर खाल्लाय शेठ. हिला कीड शिवायची नाय." मग त्याने विती टाकल्या. "कवाड बुटकं हाय पण."

"बुटकंच लागतं," मागून सुंदरा म्हणाली. ती पाण्याची कळशी घेऊन आली होती आणि तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. "वर वारा लई. आमच्या घरात वाकूनच शिरायचं. मामंजी म्हनायचे, घरात येताना मान खाली पायजे."

"दोनी फळ्या आडव्या जोडल्या की चांगली लांब पाटी हुईल," हिरामण गोमाशेठला म्हणाला.

तेव्हा तिला कळलं. तिने कळशी खाली ठेवली.

"कवाड नाय द्यायचं."

"सुंदरा, ऐक..."

"कवाड हाय तवर घर हुईल. तुमीच म्हनला व्हता, घाट उतरताना."

"म्हनलो व्हतो," सदू म्हणाला. "बुडाल्या घराबदली जागा देतो म्हनणारं धरनाचं मानूस परत दिसलं का? दोन पावसाळं गेलं. आता मला नाय वाटत गं, आपलं घर हुईल."

हे तो इतक्या साध्या आवाजात बोलला की हिरामणने मान फिरवली. तो रागावला असता तर सुंदराही भांडली असती. आशाच सोडून बसलेल्या माणसाशी भांडायचं तरी काय?

"एक फळी तरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"एका फळीचं कवाड हुतं का?"

गोमाशेठ तसा वाईट माणूस नव्हता. त्याने किमतीत घासाघीस केली नाही.

हिरामण रंधा मारायला बसला. तेल प्यालेल्या लाकडावर रंग धरत नाही, म्हणून वरचं सगळं काढावं लागणार होतं. आधी हळदीने पिवळ्या झालेल्या ढलप्या निघाल्या, मग तेलकट काळ्या, मग आतलं कोरडं सागवान दिसू लागलं. सुंदरा समोर बसून ढलप्या पदरात वेचत होती.

"चुलीला हुतील," कुणी विचारलं नसताना ती म्हणाली. तिचे हात थांबत नव्हते, आणि डोळेही.

पाटी चढवायच्या दिवशी खांब रोवायला सदूच होता. दोर धरायला सुंदरा आली होती. गोमाशेठने दुकानाच्या अंगणाच्या तोंडाशी दोन उंच खांब उभे करून घेतले होते आणि वर पाटी, पांढऱ्यावर लाल अक्षरांची. ती झकास बसली. वळणावरून उतरणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला, तसा गोमाशेठ खुलला.

"चला, पैला चहा तुमा दोघांना. या आत."

सदू पाटीखाली आला आणि वाकला.

बाकावर बसलेली माणसं हसायला लागली. "अरं, सरळ ये की रं!" गोमाशेठ म्हणाला. "हत्ती जाईल खालून!"

सदू तिथेच थांबला. त्याला मान वर करता येईना.

मागून सुंदरा आली. खांद्यावरचं दोराचं वेटोळं एका हाताने सावरून धरत तीही वाकली.