कपबशीची रांग

रांग कपबशीची होती. गोल ओट्यावर माणूस मावेल एवढाल्या कपबश्या. आत बसायचं आणि गरगर फिरायचं. थीम पार्कमधल्या बाकी सगळ्या खेळांच्या दारावर उंचीची पट्टी लावलेली होती, इथे मात्र मांडीवरचं मूलही चालत होतं. म्हणून आचारी आपल्या तान्ह्या लेकीला, ठमीला, खांद्यावर टाकून इथे उभा होता, आणि तिसऱ्यांदा उभा होता.

कपबशीपाशी पोचलं की भोंगा वाजायचा आणि ठमी टाहो फोडायची. दारावरची मुलगी विचारायची, "बसताय ना, साहेब?" आचारी नकाराची मान हलवायचा, बाजूला व्हायचा आणि रांगेच्या शेपटाला येऊन पुन्हा उभा राहायचा. मागे चार माणसं येऊन लागली की ठमी गप्प. नुसती गप्प नाही, खूश.

आचारी बोटीवर कामाला होता. रजा संपली होती, उद्या सकाळी बंदर गाठायचं होतं, आणि ही सहल त्याच्याच हट्टापायी निघाली होती. बायको म्हणाली होती, "अरे, एवढ्याशा पोरीला कपबशी काय आणि कढई काय, सारखंच." पण त्याला वाटलं होतं, एवढे रंग, एवढी गाणी, कशाने तरी पोर खुलेल आणि खुललेली पोर बापाकडे येईल. कारण ठमी त्याच्याकडे येत नव्हती. अख्खी रजा आली नव्हती. आईपाशी खिदळत असायची. हा खोलीत आला की हसू आत आणि ओठ बाहेर. तिचा तरी काय दोष? नीट डोळे उघडायच्या आत निघून गेलेला माणूस ती ओळखणार कुठून? हे त्याला कळत होतं. कळून वळत नाही, तशातली गत.

खांद्याचा शोध सकाळी इथे रांगेतच, अपघाताने लागला. बायको तोंड धुवायला गेली तेवढ्यात ठमीने आभाळ डोक्यावर घेतलं. समजावून समजावून थकला तेव्हा त्याने तिला खांद्यावर पालथी टाकली, तिचं तोंड मागे, आणि रडं थांबलं. बापाचा चेहरा दिसेनासा झाला होता आणि त्या जागी रांगेतले नाना चेहरे आले होते. कुणी गाल फुगवत होतं, कुणी जीभ काढून दाखवत होतं. रांगेत उभ्या माणसांना दुसरा उद्योग नसतो.

तेव्हापासून बायको रांगेशेजारच्या खांबाआड बसून होती. ती दिसली असती तर ठमीने तिकडेच झेप घेतली असती. पोटच्या पोरीपासून लपायची वेळ आली होती बिचारीवर, तरी मुकाट्याने लपली होती.

"किती वेळ उभा राहणार आहेस?" ती खांबाआडून हळूच म्हणाली. "पाय मोडतील."

"बोटीवर उभाच असतो."

"फोटो काढू?"

"नको. तुझा हात जरी दिसला तरी जाईल."

"मग तिला जरा फिरवून तरी बघ तुझ्याकडे."

"नको," तो म्हणाला. "आहे ते बरं आहे."

सगळं पार्क रांगांना शिव्या घालत होतं आणि हा एकटा मनातल्या मनात रांगेला हात जोडत होता, की बाई, जरा दमानं सरक. ठमीच्या पोटाची ऊब त्याच्या खांद्यात उतरली होती. लाळेने शर्ट पाठीला चिकटला होता. ती हसली की तिचं सगळं अंग हलायचं, ते त्याला बरगड्यांत कळायचं, आणि त्याच क्षणी मागची माणसं हसायची. पोर त्याच्या अंगावर होती आणि हसू लोकांच्या वाट्याला जात होतं. त्याला त्या लोकांचा हेवा वाटला. उभ्या जन्मात त्याने कुणाचा एवढा हेवा केला नव्हता.

त्याच्या लगेच मागे एक आजी होत्या, नातवंडांच्या टोप्या हातात घेऊन उभ्या.

"हसरी आहे हो पोर," त्या म्हणाल्या.

आचाऱ्याने मान वळवली नाही. वळवली असती तर ठमीला तो दिसला असता.

"कशी हसते?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"मला दिसत नाही ना. माझ्या खांद्यावर असताना कशी हसते, ते सांगा."

आजींना प्रश्न विचित्र वाटला असावा. त्यांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग ठमीकडे पाहिलं.

"आधी नाकावर सुरकुत्या पाडते," त्या सावकाश म्हणाल्या. "मग डोळे बारीक करते, पार दिसेनासेच होतात. मग खालचे दोन दात बाहेर येतात. आणि हसून झालं की तुमच्या मानेत तोंड खुपसते, लाजल्यासारखी."

"ते कळतं मला," तो म्हणाला. "तेवढं कळतं."

रांग पुढे सरकली. त्याच्यासमोर बरीच मोकळी जागा पडली. दारावरची मुलगी हाताने बोलवू लागली, मागून कुणी तरी "अहो, चला की" म्हणालं. आचारी जागचा हलला नाही.

"आजी," तो म्हणाला, "ते नाकाचं पुन्हा एकदा सांगा."