सात वर्षांचा कागद

एका खोट्या साक्षीत टोबायसचा फायदा रोकडा होता. मळ्यावरच्या करारातली उरलेली दोन वर्षं मालक माफ करणार होता, वर एक बंदूकही देणार होता. सबिनाही त्याच्यासारखीच सात वर्षं राबून मोकळं होण्याच्या करारावर व्हर्जिनियात आली होती. पण तो गोरा, ती काळी, आणि तिच्या कराराचा कागद तंबाखूच्या कोठारासोबत जळाला होता. आता मालक तिला विकत घेतलेली गुलाम म्हणत होता. तो कागद पाहिलेला दुसरा माणूस एकच, टोबायस.

कोर्टाच्या पायरीवर तिने त्याची बाही धरली. पोटात त्याचंच मूल होतं, सातवा महिना.

“खरं सांगशील ना रे?”

“वेडे, आपल्यातलं एक तरी सुटू दे. पोराची काळजी कशाला? इंग्रजांच्या कायद्यात पोर बापाचं. बाप मोकळा तर पोर मोकळं. मग कमावीन आणि तुलाही सोडवीन.”

“आणि नाही सोडवलंस तर?”

त्याने बाही ओढून घेतली. आत जाऊन, बायबलवर हात ठेवून म्हणाला, “कागद? मी तर कधी पाहिला नाही, साहेब.”

सबिना जन्माची गुलाम ठरली.

बाहेर मालकाने हसत त्याच्या खांद्यावर हात टाकला. “शाब्बास गड्या! बंदूक घेऊन जा. आणि ऐकलंस का, गेल्याच महिन्यात वसाहतीच्या सभेने नवा कायदा केलाय. आता पोर आईचं धरायचं. आई गुलाम, तर पोरही गुलाम.”



टोबायसची दोन वर्षं वाचली. ती एका बाईने आणि तिच्या पोटातल्या पोराने जन्मभर फेडली.