कलपाची वाटी

उद्या प्रांताची बैठक, म्हणून चिनी कम्युनिस्ट पक्षाचे उपसचिव लुआन नेहमीसारखे कलप लावायला फेई न्हाव्याकडे आले. पण सकाळच्या वर्तमानपत्रात बैठकीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. “छापणाऱ्यांचा गाढवपणा,” ते आरशात बघून हसले. फेईनं कलपाची वाटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. “साहेब, आज कलप राहू द्या.” “का हो काका, संपला?” “संपतोय कुठला! तुमच्या आधीच्या साहेबांचंही नाव असंच यादीतून गळलं होतं. इथूनच केस काळेभोर करून गेले आणि दुसऱ्या दिवशी अटक झाली. कोठडीत कोण लावतंय कलप? सहा महिन्यांनी टीव्हीवर कोर्टात दिसले, तर त्यांची आई विचारते, हा म्हातारा कोण?” लुआनसाहेबांचीही आई सातच्या बातम्या कधी चुकवत नसे. त्यांनी वाटी दूर सारली. “मुळातलं पांढरं दिसेपर्यंत बारीक कापा,” ते पुटपुटले. “आजच आईला दाखवून येतो.”