एक पट्टा राहिलाय

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालातल्या एका रविवारी तिने नवऱ्याच्या सॅकचा शेवटचा पट्टा शिवला आणि दोरा दाताने तोडला. नवरा केस कापायला गेला होता. आल्यावर त्याला चकित करायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

सॅक जाड हिरव्या कॅनव्हासची. तरुणपणापासून त्याच्या पाठीवर बसून या सॅकने कितीतरी डोंगर पाहिले होते. निवृत्त झाल्यावर त्याने ती माळ्यावरून काढली आणि दुरुस्तीला घेतली. बुरशी घासून काढली, तळाला नवं कातडं लावलं. मग जे काम रेंगाळलं ते रेंगाळलंच. बक्कल मनासारखं मिळेना. मेणाच्या दोऱ्याचा रंग जुळेना. त्याच्या चपलेच्या अंगठ्याचंही तेच. जिना चढताना मध्येच थांबून, वाकून तो अंगठा नीट करत बसायचा, पण चांभाराकडे काही टाकायचा नाही. गॅलरीतल्या स्टुलावर सॅक अशी ठाण मांडून बसली होती, की तिला कपडे वाळत घालायचे तरी अंग चोरून.

दर रविवारी घोरपड यायचा. नवऱ्याचा डोंगरातला जुना सोबती. कड्याला चिकटायचा म्हणून हे नाव पडलं. आता तो खुर्चीला चिकटायचा. नवरा त्यांच्या टोळीचा म्होरक्या.

"काय म्होरक्या, झाली का सॅक?"

"एक पट्टा राहिलाय रे."

"तुझ्या पट्ट्यापायी डोंगर म्हातारे झाले!"

"मग तू जा की एकटा."

"तुझ्याशिवाय? छे, छे!"

दोघं खो खो हसायचे आणि चहा मागायचे. ती आत चरफडायची. एवढा हौशी माणूस, आणि एका पट्ट्यापायी घरात अडकून पडलाय!

त्या रविवारी दोघं एकदमच दारात आले. नवऱ्याने सॅक पाहिली. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"तू शिवलास?"

"मग काय तर! तुमच्या हातून या जन्मी झाला नसता."

"छान झालाय," तो म्हणाला. नापास झालेला मुलगा निकालाकडे बघतो तसा तो पट्ट्याकडे बघत होता. घोरपडनेही पट्टा एकदा ओढून पाहिला. मग नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाला, "चला तर! पुढच्या रविवारी निघायचं." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो चहा अर्धा टाकून उठला.

नवरा त्याला पोचवायला खाली गेला. बराच वेळ झाला तरी वर येईना. ती जिन्यात आली आणि कठड्यावरून वाकली.

एक मजला खाली तो पायरीवर बसला होता. चप्पल हातात. अंगठा अगदी धड होता. दुसरा तळवा छातीवर दाबलेला, तोंड उघडं. श्वास आत घेताना खांदे वर उचलले जात होते. त्याने मान वर केली, पण तिच्याकडे नाही. उरलेल्या पायऱ्यांकडे.

ती पाऊल न वाजवता घरात परतली. शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री काढली आणि सॅक मांडीवर घेतली.

तो आत आला तेव्हा तिने मान वर केली नाही. "अहो, पट्टा सुटला हो. माझी शिवण कच्चीच निघाली."

त्याने पट्टा हातात घेतला. जमिनीवर दोऱ्याचे बारीक तुकडे पडले होते. कात्री अजून तिच्या बोटांतच होती. त्याने एकदा कात्रीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग सावकाश खुर्चीत बसला.

"तरी मी म्हणत होतो," तो म्हणाला, "हे घाईचं काम नव्हे."

"नव्हेच मुळी."

"घोरपडला कळवायला हवं."

"मी सांगते. माझ्यामुळे राहिलं म्हणून सांगते. आणि उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

 दुसऱ्या दिवशी तो निमूट निघाला. येताना त्याच पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसली. चपलेकडे कुणी पाहिलं नाही.

त्यानंतर नवरा पुष्कळ वर्षं जगला, औषधं घेत आणि बक्कलं नापसंत करत. तो गेल्यावरही घोरपड रविवारी यायचा. रिकाम्या खुर्चीसमोर बसून तिला विचारायचा, "झाली का, वहिनी?" ती म्हणायची, "एक पट्टा राहिलाय."

मग घोरपडही गेला. ती भेटायला गेली तेव्हा त्याच्या बायकोने तिचा हात धरला. "तुमच्या त्या सॅकचे फार उपकार झाले हो. गुडघे गेले म्हणून यांना डॉक्टरांनी डोंगर कधीचा बंद केला होता. म्होरक्याला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून झुरायचे. बिचारे रविवारी जाताना म्हणायचे, आजही झाली नसली म्हणजे बरं."

सॅक आता नातीकडे आहे. सुट्टी मिळाली की ती पाठीला लावून नात डोंगरात पळते.

घोरपडच्या घरून परतली त्या दुपारी आजीने चहाचं आधण ठेवलं आणि सुई-दोरा घेतला. आधणाला उकळी यायच्या आत पट्टा शिवून झाला होता.