दोन बोटांची ढिलाई

जुन्या जीपचं स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं, तरी पुढची चाकं जागची हलत नसत. बाबांनी आता गाडी चालवू नये, हे लेकीला वर्षभर सांगायचं होतं. पण जीभ रेटत नव्हती. म्हणून तिने निदान जीप तरी दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं.

मेकॅनिकने स्टिअरिंगचा झिजलेला सांधा काढला आणि तळहातावर खुळखुळवून दाखवला. "काका, याच्यावर गाडी सरळ चालवत होतात? कमाल आहे तुमची."

"हाताला सवय लागते," बाबा खुशीत म्हणाले.

नवा सांधा बसला. लेकीला शेजारी घेऊन बाबा निघाले, तर गल्लीतच जीप नागमोडी जाऊ लागली आणि विजेच्या खांबाला घासता घासता वाचली. मेकॅनिक धावत आला. त्याने स्वतः एक फेरी मारली, तेव्हा तीच जीप सुतासारखी सरळ चालली.

लेक बाबांच्या हातांकडे बघत राहिली. त्यांची थरथर आजवर त्या दोन बोटांच्या ढिलाईत जिरत होती. आता ती थेट चाकांपर्यंत पोहोचत होती.

बाबांनी हात खिशात घातले. "जुनाच सांधा बसव परत," ते मेकॅनिकला म्हणाले. "त्याच्यावर बरं चाललं होतं माझं."

मेकॅनिकने लेकीकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "यापुढे गाडी तुम्ही चालवायची नाही."